सुताराच्या सिनेमाचं नववं रीळ

नांदेड,
शनिवार, १८ नोव्हेंबर २००६

प्रिय भागवत,

सगळ्यात आधी अभिनंदन. पुस्तक देखणं निघालंय. कागद जाड आहे, छपाई स्वच्छ आहे, आणि मुखपृष्ठावर हनुवटीखाली मूठ ठेवून तू कुठंतरी लांब बघतोयस, ते अगदी मोठ्या माणसासारखं दिसतं. दोन वर्षं रविवारच्या पुरवणीत सदर चालवायचं, सिनेमाच्या शौकिनांना दर आठवड्याला बघायलाच हवा असा एक सिनेमा सांगायचा, आणि शंभर भरले की त्यांचं पुस्तक करायचं, हे काम सोपं नाही. त्यातले निम्मे सिनेमे स्वतः न बघता हे करायचं म्हणजे तर फारच अवघड.

अक्षर ओळखलंस ना? ओळखायला हवंस. याच अक्षरातली दोनशे पानी वही अकरा वर्षं तुझ्याकडे आहे. 'दोन दिवसांत परत देतो' म्हणून नेली होतीस. मी रागात लिहितोय, ते लपवत नाही. पण राग आता मुरलाय, त्यामुळे ओळी सरळ येतायत. तूही घाईनं वाचू नकोस. तुला वाचायला पुरेसा वेळ मिळेल अशी सोय मी केली आहे. कशी, ते शेवटी सांगतो.

तू लोकांना शंभर सिनेमे सांगितलेस. मी तुला फक्त चार सांगणार आहे. चारही तुझ्याच यादीतले आहेत. सात, तेवीस, चाळीस आणि एक नंबरचा. नावं लिहीत नाही, पुस्तक तुझ्यासमोरच असेल. तू हे चार सिनेमे जरूर बघ. एक शौकीन दुसऱ्या शौकिनाला सांगतो तसं सांगतोय.

तुला आठवतं का, एक्क्याण्णव साली तू विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला होतास आणि मी नांदेडच्या थेटरात ऑपरेटरचं काम शिकत होतो. आमचं घराणं कंधारचं, भांड्यांना कलई करणारं. अब्बांना वाटायचं पोरगं वाया गेलं, अंधारात बसून दुसऱ्यांना उजेड दाखवतं. तू लेक्चर बुडवून बसनं यायचास आणि केबिनच्या झरोक्याला डोळा लावून उभा राहायचास. मशीनच्या घरघरीत तुला संवाद ऐकू यायचे नाहीत, मग मी ते तुझ्या कानाशी म्हणून दाखवायचो. मला सगळे पाठ असायचे. म्हणजे बघ, तेव्हापासूनच तू सिनेमे माझ्या तोंडून ऐकत आलायस.

मग त्र्याण्णवचा गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटे जमीन हलली. तू हॉस्टेलवर होतास म्हणून वाचलास. तुझे अप्पा रानात राखणीला झोपले होते म्हणून वाचले. घरात तुझी आई आणि बहीण सिंधु होत्या. आपण दोघं एका ट्रकमध्ये उभं राहून तुझ्या गावाला गेलो होतो, गाव कुठून सुरू व्हायचं ते तुला ओळखू आलं नव्हतं. पुढचे आठ दिवस मी इथं लिहीत नाही. ते तूही कधी कुठं लिहिले नाहीस, एवढं तुझ्या बाजूनं.

महिनाभरानं पत्र्याची शेडं उभी राहिली आणि उदगीरच्या संगप्पांचा मला निरोप आला. त्यांची टुरिंग टॉकीज माळेगावच्या जत्रेला आणि माहूरला लागायची, सीझनला मी त्यांचं मशीन चालवायचो. ते म्हणाले, मशीन घेऊन जा, जनरेटर घेऊन जा, माणसं दिवेलागणीला नुसती बसून राहत असतील. एका वितरकानं फुकट सिनेमे द्यायचं कबूल केलं, आणि त्याच्या गोदामात धूळ खात पडलेले डबे लावून दिले. ज्यात गाणी नाहीत, मारामारी नाही, ज्यांना दिल्लीत बक्षिसं मिळाली आणि आमच्याकडे तिसऱ्या दिवशी कुत्रंही फिरकलं नाही, असे सिनेमे. बंगाली, कानडी, काही मराठी. आज शौकीन लोक ज्यांच्या नावानं गहिवरतात, ते लातूर जिल्ह्यात आधी भूकंपग्रस्तांनी बघितले, कारण ते दुसऱ्या कुणाला नको होते.

पहिल्या दिवशी तंबू लागला तेव्हा सगळ्यात आधी अप्पा आले. मशीनवरून हात फिरवला, डबे मोजल्यासारखे बघितले आणि म्हणाले, "वाजिद, ह्यात कोन मरतं का रे?" त्या सिनेमात नायकाची आई मरते, सहाव्या रिळात, चांगली दहा मिनिटं मरते. मी म्हणालो, "न्हाई अप्पा, कोनीच न्हाई." ते समाधानानं जाऊन पुढं बसले. पाचवं रीळ संपलं तसं मी सहावं डब्यातच ठेवलं आणि सातवं चढवलं. एका रिळात आई अंथरुणाला खिळलेली होती आणि पुढच्यात तिचं कुणी नावच काढत नव्हतं. मागं एक बाई शेजारणीला म्हणाली, बरी होऊन माहेरी गेली असंल. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मी जे करतोय ते करता येतं.

नंतर रोजचं झालं. अप्पा यायचे, विचारायचे, मी नाही म्हणायचो. नाही म्हणायचं तर ते खरं करणं आलं. सकाळी शेडाची दारं लावून, पडद्याऐवजी चादर टांगून मी सगळा सिनेमा एकट्यानं बघून घ्यायचो आणि त्यातली मरणं हुडकायचो. टुरिंगला एकच मशीन असतं, दर रिळानंतर दिवा लावून दुसरं रीळ चढवावं लागतं, त्यामुळे एखादं गाळलं तरी कुणाला कळत नाही. मरण रिळाच्या मधेच असलं की पंचाईत. तिथं मी रिळाच्या वेटोळ्यात कागदाची चिठ्ठी घालून ठेवायचो. चिठ्ठी उडाली की आवाज बंद करून भिंगासमोर पुठ्ठा धरायचा. अगदीच अशक्य असलं तर दिवे लावून सिनेमा संपला म्हणून सांगायचं. दोन हिवाळ्यांत बेचाळीस सिनेमे दाखवले मी. त्या बेचाळीसमध्ये एक माणूस मेला नाही.

सगळं लक्षात राहावं म्हणून ती वही होती. सिनेमाचं नाव, गोष्ट, कोणत्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत राहावं, आणि खाली 'शेवट' असं लिहून मी जिथं थांबवायचो ती जागा. कापलं, गाळलं असं त्यात कुठंच लिहिलं नाही. वही माझी, वाचणार मी, मला ते ठाऊकच होतं. तू तेव्हा सायकलला भोंगा बांधून शेडाशेडातून पुकारा करायचास आणि पहिलं रीळ लागलं की जाऊन झोपायचास. तुला बसवत नव्हतं. ते मी तेव्हाही समजत होतो आणि आजही त्याबद्दल माझी तक्रार नाही. दोन महिन्यांनी तू लातूरला एका सरांकडे फिजिक्सचे तास घ्यायला गेलास, आणि पंच्याण्णवच्या जूनमध्ये येऊन वही मागितलीस. आठवण म्हणून वाचतो म्हणालास. मी दिली. तुला काय नाही म्हणणार होतो मी?

पुढचं लातूर तर तुझंच. बघता बघता गल्लोगल्ली क्लास, वर होस्टेल, खाली मेस. पूर्वी ज्या भिंतींवर सिनेमाची पोस्टरं लागायची तिथं बारावीच्या पोरांचे पासपोर्ट फोटो आणि मधोमध तुझा मोठा फोटो लागायला लागला. दुसऱ्या जिल्ह्यातून आईबाप गाद्या, बादल्या आणि पोरं घेऊन उतरायचे आणि रिक्षावाल्याला नुसतं 'भागवत सर' म्हणायचे. मला अभिमान वाटायचा, खोटं नाही सांगत. मी टुरिंग सोडून लातूरच्याच थेटरात लागलो होतो. पाच वर्षांत ते थेटर विकलं गेलं आणि तू तिथं क्लास सुरू केलास. खुर्च्या त्याच, उतरती जमीन तीच, फक्त पडद्याच्या जागी फळा. माझ्या केबिनमध्ये तू टेस्टपेपरचे गठ्ठे ठेवलेस. तेव्हाही मी काही बोललो नाही. थेटरं बंदच पडत होती, तुझ्या जागी दुसऱ्यानं घेतलं असतं. मी कुठं गेलो हे तू विचारलं नाहीस, तेही असो.

मग दोन वर्षांपूर्वी माझी मुलगी अर्शिया पेपर घेऊन आली. ती तुझ्याच नांदेडच्या शाखेत आहे, तुझी विद्यार्थिनी, तिच्या टेबलावर तुझी कात्रणं लावलेली असतात. म्हणाली, अब्बा, आमचे सर सिनेमावर अगदी तुम्ही बोलता तसं लिहितात. मी वाचलं. शब्द माझे होते. ज्या चेहऱ्याकडे बघत राहा म्हणून मी लिहिलं होतं, त्याच चेहऱ्याकडे तू महाराष्ट्राला बघायला लावलं होतंस. मी अर्शियाला काही सांगितलं नाही. तिचं बारावीचं वर्ष जवळ आलेलं, तिचा सरांवर विश्वास होता, तो मोडून मला काय मिळणार होतं. म्हटलं, लिहू दे. वही माझ्याकडे असती तर पेटीत पडून वाळवीनं खाल्ली असती.

पण सातव्या आठवड्याला तू नावाड्याचा सिनेमा घेतलास, आणि तिथं माझी करमणूक सुरू झाली. वहीत मी लिहिलं होतं, 'शेवट: नाव धुक्यात शिरते.' तू त्यावर अर्धा कॉलम लिहिलास. कुठं थांबावं हे कळणारा असा दिग्दर्शक विरळा, नावाडी आणि वऱ्हाड पैलतीराला पोचलं का, हे त्यानं प्रेक्षकाच्या मनावर सोपवलं, वगैरे. भागवत, त्या दिग्दर्शकानं कुणाच्याही मनावर काही सोपवलेलं नाही. पुढं चौदा मिनिटं सिनेमा आहे. नाव उलटते, नवरीसकट सगळे बुडतात, जाळ्यानं एकेक प्रेत काढतात आणि वर एक मास्तर नदीकाठी उभा राहून भाषण करतो. तो दिग्दर्शक थांबणाऱ्यातला नव्हता. थांबलो मी होतो, कारण पुढच्या रांगेत अप्पा बसले होते.

तेविसावा तर मी अर्शियाकडून मोठ्यानं वाचून घेतला. रेल्वे फाटकवाल्याचा. 'शेवट: फाटक उघडतं, लांबून उजेड येतो.' तू लिहिलंस की अंधारात येणारा तो उजेड म्हणजे माणसाच्या मनातली न विझणारी आशा. तो इंजिनाचा दिवा होता. फाटकवाला झोपेत फाटक उघडतो आणि मेल गाडी त्याच्याच मुलीच्या बैलगाडीवरून जाते. मी हसलो तर अर्शिया म्हणाली, अब्बा, यात हसण्यासारखं काय आहे?

आणि चाळिसावा, तो विनोदी. त्यात जावई सासुरवाडीला कंटाळून मेल्याचं सोंग घेतो. मला वाटलं, सोंगच आहे, राहू दे. पण तो डोळे मिटून पडला तसे अप्पा उठले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या छावणीत तोच सिनेमा होता आणि अप्पा तिथंही आले, म्हणून मी सोंगाचा सगळा भाग गाळला. त्यामुळे झालं असं की घरचे सगळे रिकाम्या बाजेभोवती ऊर बडवतायत आणि पुढच्याच दृश्यात जावई दारात बसून जिलबी खातोय. वहीत मी तसंच लिहून ठेवलं. तू त्याला आधुनिक माणसाच्या निरर्थक जगण्याचं दर्शन म्हटलंस, आणि कुणा प्राध्यापकानं तुला सहमतीचं पत्र पाठवलं, तेही पुढच्या रविवारी छापलंस. फिजिक्स शिकवणाऱ्या माणसा, बेचाळीस सिनेमे आणि एकही मरण नाही, हे तुला एकदाही खटकलं नाही? पोरांना तू असल्या उत्तराला शून्य देतोस.

इथपर्यंत मी तुला माफ केलं असतं. हसून सोडून दिलं असतं. संपादकाला एक पोस्टकार्ड टाकायचाही विचार माझ्या मनात आला नव्हता. पण मग या एप्रिलमध्ये तू छावणीवर लिहिलंस. पान चौऱ्याऐंशी, उघडून बघ. मशीन तू चालवायचास, असं लिहिलंयस. चालवू दे. पुढं लिहिलंयस, 'छावणीत एक भ्रमिष्ट म्हातारा होता. प्रत्येक खेळाआधी येऊन विचारायचा, यात कोण मरतं का? आम्ही हसायचो आणि नाही म्हणून सांगायचो. तो बिचारा खूश व्हायचा.'

आम्ही कोण, भागवत? हसलं कोण होतं? त्या माणसाचं नाव शेषेराव. तू त्यांना अप्पा म्हणायचास. त्यांनी तुझ्या इंजिनिअरिंगसाठी स्वतःच्या अंगाला नवं धोतर लावलं नव्हतं. आणि पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत तू काय छापलंस, 'भूकंपातील अनाम मृतांना'. तुझी आई अनाम नव्हती. लक्ष्मीबाई नाव होतं तिचं, मला ती ईदला पुरणाची पोळी करून पाठवायची. सिंधुला मी राखीची ओवाळणी दिलेली आहे. तू पुण्यामुंबईच्या वाचकांना भूकंप विकलास, ठीक आहे, पण त्यातून स्वतःच्या बापाचं नाव काढून टाकलंस आणि जागा भरायला एक वेडा घातलास. मी मरणं कापायचो. तू जिता माणूस कापलास.

आणि अप्पा भ्रमिष्ट नव्हते. हे तुला माहीत नाही, म्हणून सांगतो. शहाण्णवच्या संक्रांतीला मी तीळगूळ घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. नव्या गावात त्यांना सिमेंटचं घर मिळालं होतं, पण ते छताखाली झोपत नसत, अंगणात पत्रे टाकून तिथंच राहायचे. चहा झाल्यावर म्हणाले, "वाजिद, एक इचारतो, राग मानू नगंस. जगात समदे मरत्यात, अन् तुझ्या सिनेमात कोनीच कसं मरत न्हाई? मी काय येडा हाय का? तू कापून राहिला व्हतास, हाव का न्हाई?" मी मान खाली घातली. ते म्हणाले, "मला दुसऱ्याच सिनेमाला कळालं व्हतं. म्हनलं, लेकरू आपल्यासाठी करून राहिलंय तर करू दे." म्हणजे दोन हिवाळे तो माणूस रोज येऊन मला तो प्रश्न विचारत होता, आणि उत्तर खोटं आहे हे त्याला माहीत होतं. मी त्यांना सांभाळतोय असं मला वाटायचं. उलटंच होतं.

मग त्यांनी सुताराच्या सिनेमाचा विषय काढला. तुझ्या यादीतला एक नंबरचा. तुला गोष्ट पाठ आहे: म्हातारा सुतार, शहरात गेलेला मुलगा, येतो म्हणून त्याचं पत्र, बापानं त्याच्यासाठी बनवलेला पलंग, आणि रोज संध्याकाळी फाट्यावर जाऊन बसणं. आठव्या रिळाच्या शेवटी लांबून धुरळा दिसतो, यष्टी येते, म्हातारा उठतो आणि फेटा झटकतो. तिथं मी दिवे लावायचो. नववं रीळ कायम डब्यात राहिलं. अप्पा म्हणाले, "त्या सुताराचं पोरगं यष्टीतून उतरलं का न्हाई, त्येवढं सांग." मी म्हणालो, उतरलं. भागवत, माझी चूक इथं आहे, ती मी मान्य करतो. अप्पांना सगळं माहीत आहे हे कळल्यावरही मी खोटं बोललो. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मंग दाव की मला. आता बघवंल." मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात मशीन आणतो. तर म्हणाले, "एकट्यानं बघून काय करू? भागवत आला की लाव. दोघं बसून बघू."

मी तुला तीन पत्रं टाकली. दोनदा क्लासवर आलो. एकदा टेस्ट सिरीज होती, एकदा निकालाची मिरवणूक. दुसऱ्या वेळी तू जिन्यात उभ्या उभ्या म्हणालास, वाजिद, अप्पांना कलर टीव्ही घेऊन दिलाय, त्यात दिवसभर सिनेमे असतात, बघू दे की त्यांना. टीव्ही त्यांनी कधी लावला नाही. त्यावर ते फेटा ठेवायचे. मी वर्षातून दोनदा जायचो आणि ते एकदाच विचारायचे, भागवतचं काय म्हननं हाय? असं सहा वर्षं चाललं. दोन हजार दोनच्या मार्चमध्ये, दुपारी, पत्र्याखाली बसल्या बसल्या गेले. बारावीची परीक्षा चालू होती. मी तुझ्या ऑफिसला दोन फोन केले. पोरगी म्हणाली, सर क्रॅश कोर्सवर आहेत, निरोप ठेवा. बाप गेला, हा निरोप मी तिच्याकडे ठेवला. अग्नी तुझ्या चुलतभावानं, बसवंतनं दिला. तू तिसऱ्या दिवशी आलास, राख सावडायला, आणि दुपारच्या आत परत गेलास. तेव्हा मी तुझ्याशी बोललो नाही, कारण बोललो असतो तर हात उचलला असता.

तुझ्या पुस्तकात पान एकवर लिहिलंय, 'मुलगा परत आला आहे. दिग्दर्शक ही भेट दाखवत नाही, कारण ती दाखवायची गरजच नाही.' हे वाक्य तुझं आहे, माझ्या वहीत नाही. मी एवढंच लिहिलं होतं, 'म्हातारा फेटा झटकतो.' मुलगा आला, हे तू ठरवलंस. तुला तसं वाटायला हवं होतं, हेही मला कळतं. कळत असूनही मला तुझी दया येत नाही. यायला पाहिजे होती, पण नाही येत.

आता सोय कशी केली ते सांगतो. नांदेडच्या चित्रपट मंडळाच्या व्यंकटरावांनी प्रकाशनाला तुझा एक नंबरचा सिनेमा दाखवायचं ठरवलं आणि प्रिंट मागवून घेतली. नऊ डबे गुरुवारी पार्सलनं आले. खेळ रविवारी सकाळी दहाचा, स्टेशनजवळच्या आपल्या जुन्या थेटरात. मशीन कोण चालवणार हे तू विचारलं नाहीस. लातूर सोडल्यापासून इथं मी आहे, भागवत. काल सकाळी मी सगळी प्रिंट चालवून बघितली, नववं रीळ जसंच्या तसं आहे, एक ओरखडा नाही. व्यंकटरावांना सांगितलंय की मशीन तापतं, मध्यंतर वीस मिनिटांचं ठेवा, आणि तेवढ्यात हे पाकीट सरांच्या हातात द्या. तेव्हा तू हे वाचतोयस ते पहिल्या रांगेत बसून, हातात चहा, आणि मागं चारशे माणसं तुझं पुस्तक उघडून बसलेली. अर्शियाही आहे त्यात. तुझ्या शेजारची खुर्ची मी रिकामी ठेवायला सांगितली आहे. कुणाची, विचारलं त्यांनी. मी म्हणालो, सरांच्या वडिलांची. बिचारे खूश झाले, म्हणाले, वा, वडीलही येणार का. आता सहावं रीळ लागेल, मग सातवं, आठवं, म्हातारा फेटा झटकेल, आणि या वेळी मी दिवे लावणार नाही. दुसऱ्या मशीनवर नववं रीळ चढवून तयार आहे. यष्टीतून पोरगं उतरत नाही, भागवत. म्हातारा गेल्यावर ते तिसऱ्या दिवशी येतं. हे मी जुळवून आणलेलं नाही, सिनेमा अप्पा जायच्या वीस वर्षं आधीचा आहे. तुला वर यावंसं वाटेल, जिना तुझ्या ओळखीचा आहे, पण केबिनचं दार मी आतून लावलंय. झरोक्यातून मला पहिली रांग दिसते. रीळ दहा मिनिटांचं आहे. अप्पा सहा वर्षं थांबले होते, तू दहा मिनिटं बस.

तुझाच,
वाजिद